नो मोअर रॅन्सम, एम्सिसॉफ्टचा मोफत डिक्रिप्टर आणि मीडिया रिपेअर: सात महिन्यांचा अनुभव

घरच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींना खंडणीखोर व्हायरसनं कुलूप घातलं त्याला आता सात महिने झाले. या काळात मी नो मोअर रॅन्सम ही साइट, एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचा मोफत डिक्रिप्टर (स्टॉप-डीजेव्हीयू या खंडणीखोर व्हायरसनं घातलेलं कुलूप काढणारं साधन) आणि मीडिया रिपेअर नावाचं एक छोटं साधन वापरलं. फायली सोडवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एका डेटा रिकव्हरी सेवेशीही बोलून झालं. कशाचा किती उपयोग झाला ते सविस्तर लिहिते. त्या पहिल्या रात्री मी नेमकं असंच काहीतरी शोधत होते.

मी घरून शब्दांकनाचं काम करते. लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि उतरवून काढायच्या. त्यामुळे माझ्याकडे मोठमोठ्या ऑडिओ फायली असतात आणि प्रत्येकीचा एक छोटा वर्ड मसुदा. याशिवाय एक फोल्डर कामाचं नव्हतं. आई जाण्याआधीच्या दोन वर्षांत मी तिला बोलतं केलं होतं आणि तिच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. एकूण ४१ फायली. सुरुवातीच्या २६ फोनवर केलेल्या, एमपी३ स्वरूपात. नंतर कामासाठी चांगला रेकॉर्डर घेतला, त्यावरच्या १५ डब्ल्यूएव्ही स्वरूपात. हे आकडे आत्ताच सांगतेय, कारण पुढे सगळं या दोन स्वरूपांतल्या फरकावर येऊन ठेपलं.

व्हायरस आला तो मुलानं उतरवून घेतलेल्या एका क्रॅकमधून. व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून त्यानं ते घेतलं. सोबतच्या सूचनेत अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा असं लिहिलं होतं, आणि त्यानं तो केला. थोड्या वेळानं विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी दिसली. आम्हा दोघांनाही ती खरीच वाटली. अपडेट मध्येच तोडू नये म्हणून आम्ही कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला. ती खिडकी खोटी होती. या व्हायरसची ती जुनी युक्ती आहे: पडद्यावर अपडेट दिसत राहतं आणि मागे फायलींना कुलपं लागत असतात.

"आई, माझे फोटो उघडत नाहीयेत," मुलगा म्हणाला. जाऊन पाहिलं तर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचं एक अनोळखी शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक मजकूर फाइल. तीत लिहिलं होतं: किल्लीचे ९८० डॉलर; ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, म्हणजे ४९०. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट सोडवून देऊ.

मुलानं काय उतरवलं, कुठून उतरवलं, ते त्यानं न लपवता लगेच सांगितलं. त्याचं मला आजही कौतुक आहे. व्हायरस कोणता हे ओळखायला त्या माहितीचा फार उपयोग झाला. घरात असं काही झालं आणि मूल घाबरून गप्प बसलं, तर पहिले मोलाचे तास वाया जातात.

त्यानंतर चूक माझ्या हातून झाली. राउटर बंद केला, इथपर्यंत ठीक होतं. पण बॅकअपची डिस्क धड आहे ना, हे बघायला मी ती त्याच कॉम्प्युटरला जोडली. काही मिनिटांत त्या डिस्कवरच्या फायलींनाही तेच शेपूट लागलं. हा व्हायरस स्वतःसाठी विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नोंद करून ठेवतो आणि दर काही मिनिटांनी पुन्हा जागा होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता नो मोअर रॅन्समबद्दल. जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि इंटेल सिक्युरिटी यांनी मिळून ही साइट सुरू केली. २०२२ मध्ये तिला सहा वर्षं झाली तेव्हा तिथे १६५ प्रकारच्या खंडणीखोर व्हायरसांसाठी १३६ मोफत साधनं होती. मी ती फोनवर उघडली. कॉम्प्युटरवर सुरक्षेशी संबंधित साइट्स उघडतच नव्हत्या, कारण हा व्हायरस होस्ट्स फाइलमध्ये फेरफार करून त्यांची वाट अडवतो. ज्यांना हे माहीत नसतं त्यांना आपलं इंटरनेटच बिघडलंय असं वाटतं.

साइटवर 'क्रिप्टो शेरिफ' नावाचं पान आहे. तिथे कुलूप लागलेल्या दोन फायली आणि खंडणीची चिठ्ठी द्यायची, की कोणता व्हायरस आहे ते ती ओळखायला बघते. फाइल १ एमबीपेक्षा मोठी चालत नाही, त्यामुळे ऑडिओ देता येईना. मी दोन वर्ड मसुदे दिले. त्यासाठी मला पेनड्राइव्ह वापरावा लागला, आणि तो नंतर मी पूर्ण फॉरमॅट केला. उत्तर आलं: स्टॉप, म्हणजेच डीजेव्हीयू. खात्रीसाठी खंडणीखोर व्हायरसांचे अभ्यासक मायकेल गिलेस्पी यांच्या आयडी रॅन्समवेअर साइटवरही तेच मसुदे तपासले. तिथेही हेच उत्तर मिळालं. घरगुती कॉम्प्युटरला लागणाऱ्यांत हा फार पसरलेला व्हायरस, आणि बहुतेकदा येतो तो क्रॅक आणि की-जनरेटर यांच्यातूनच.

या साइटचं मला सर्वांत पटलेलं म्हणजे कामांचा क्रम. डिक्रिप्टर उतरवण्याआधीच ती बजावते की पहिल्यांदा व्हायरस काढा, नाहीतर सोडवलेल्या फायलींना पुन्हा कुलूप लागेल. मी घाबरून उलट्या टोकानं सुरुवात करणार होते. तिथे थांबले, कॉम्प्युटर साफ केला, आणि कुलूप लागलेल्या सगळ्या फायलींची एक प्रत नव्या डिस्कवर काढून ठेवली. त्याच रात्री फोनवरून ईमेलचे आणि बँकेचे पासवर्डही बदलले. डीजेव्हीयूसोबत अनेकदा अझोरल्ट किंवा व्हिडारसारखे पासवर्ड चोरणारे व्हायरसही येतात. खंडणीच्या धक्क्यात हे लक्षातही येत नाही. मला विचाराल तर ते काम फायलींच्याही आधी करावं.

नो मोअर रॅन्समच्या दुव्यावरूनच मी एम्सिसॉफ्टच्या डिक्रिप्टरपर्यंत गेले, आणि तुम्हीही असंच करा. शोधयंत्रात 'डीजेव्हीयू डिक्रिप्टर' टाकलं की पहिल्या पानावर भलतीच साधनं दिसतात. जून २०२० मध्ये तर झोराब नावाचा दुसरा खंडणीखोर व्हायरस डीजेव्हीयूचा मोफत डिक्रिप्टर असल्याचं भासवून पसरत होता. आधीच हवालदिल झालेल्या माणसाच्या फायलींना तो आणखी एक कुलूप घालायचा.

खरा डिक्रिप्टर एम्सिसॉफ्ट आणि गिलेस्पी यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये आणला. तेव्हा त्यात १४८ उपप्रकारांचा समावेश होता. तो चालवायला सोपा आहे. फोल्डर निवडायचं, बटण दाबायचं, आणि नोंदींच्या खिडकीत एकेका फाइलचा निकाल बघत बसायचं. इंटरनेट मात्र चालू लागतं, कारण किल्ल्या त्यांच्या सर्व्हरवर असतात. मूळ कुलूपबंद फायली राखून ठेवण्याचा पर्याय आहे, तो कृपया बंद करू नका.

निकाल समजण्यासाठी एक गोष्ट कळायला हवी, आणि ती कळायला मला दोन दिवस लागले. डीजेव्हीयू सुरू झाला की आधी आपल्या मालकांच्या सर्व्हरशी बोलतो आणि त्या एका कॉम्प्युटरपुरती वेगळी किल्ली मागून घेतो. तिला ऑनलाइन किल्ली म्हणतात. सर्व्हर भेटला नाही, तर तो स्वतःच्या आत आधीच भरून ठेवलेली किल्ली वापरतो. ती ऑफलाइन किल्ली, आणि त्या उपप्रकारात सापडलेल्या सगळ्यांची ती एकच असते. ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या जुन्या उपप्रकारांत निर्मात्यांच्या चुका होत्या, म्हणून तिथे एक मूळ फाइल आणि तिचीच कुलूपबंद प्रत अशी जोडी दिली की किल्ली काढता यायची. नंतरच्या उपप्रकारांत ती फट बुजली.

आपली किल्ली कोणती, ते सी ड्राइव्हवरच्या सिस्टिमआयडी फोल्डरातल्या पर्सनलआयडी फाइलमध्ये दिसतं. आयडीच्या शेवटी 'टी१' असेल तर ऑफलाइन. माझ्या फाइलमध्ये दोन आयडी होते. पहिला ऑनलाइन, दुसऱ्याच्या शेवटी टी१. म्हणजे मुख्य कॉम्प्युटरवरच्या फायलींना इंटरनेट चालू असताना कुलूप लागलं, आणि बॅकअपच्या डिस्कवरच्या फायलींना मी राउटर बंद केल्यानंतर.

मुख्य फायलींवर डिक्रिप्टरनं सरळ सांगितलं: हा ऑनलाइन आयडी आहे, सोडवणं अशक्य. बॅकअपच्या डिस्कबद्दल म्हणाला: ऑफलाइन आयडी आहे, किल्ली सध्या नाही, पुढे कदाचित शक्य होईल. पहिलं वाक्य वाचून मी रडले. पण आज त्याच वाक्यासाठी या साधनाला सर्वांत जास्त गुण देते. त्यानं मला आशेवर लटकवत ठेवलं नाही, आणि त्यामुळे पुढच्याच आठवड्यातल्या मोठ्या फसवणुकीतून मी वाचले.

ती अशी. कुलूप लागलेल्या फायलींची शंभर टक्के हमी देणाऱ्या एका सेवेला मी लिहिलं होतं. नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही, तर्क आहे. त्यांनी नमुन्यादाखल एक फाइल मागितली. मी ऑनलाइन किल्लीची एक फाइल दिली आणि दोन दिवसांत ती सोडवून परत आली. सोबत सगळ्या फायलींची किंमत, खंडणीच्या रकमेहून बरीच मोठी. क्षणभर वाटलं, देऊन टाकावेत पैसे. मग चिठ्ठीतलं वाक्य आठवलं: एक फाइल फुकट सोडवून देऊ. जी किल्ली फक्त गुन्हेगारांकडे आहे, तिच्याशिवाय ही फाइल उघडणारच कशी? मी त्यांना विचारलं, तुमची पद्धत कोणती? उत्तर आलं, ते व्यावसायिक गुपित आहे. मी तिथेच थांबले. माझे पैसे मधल्या माणसाचा वाटा कापून त्याच लोकांकडे गेले असते, आणि पुढच्या कुणाच्या तरी घरच्या कॉम्प्युटरवर हाच व्हायरस पोचवायला वापरले गेले असते. कुणी ऑनलाइन किल्ली सोडवून देतो म्हणालं, तर पद्धत विचारा. ती सांगता येत नसेल तर पुढे बोलू नका.

आता मीडिया रिपेअर. हे डिस्कट्यूना या छोट्या प्रकल्पाचं साधन, मोफत. याच्याविषयी मला भरभरून लिहायचंय, कारण याचं नाव मला पहिल्या तीन आठवड्यांत कुठेच दिसलं नव्हतं. डीजेव्हीयू घाईत असतो. मोठी फाइल तो पूर्ण कुलूपबंद करत नाही. सुरुवातीचे सुमारे १५० केबी तेवढे बिघडवतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. बाकीची फाइल जशीच्या तशी असते. फक्त तिचं तोंड गेल्यामुळे कुठलाच प्लेअर ती ओळखत नाही. मीडिया रिपेअर ते बिघडलेलं तोंड बाजूला काढतं आणि उरलेली फाइल पुन्हा वाजेल अशी करून देतं. ते किल्ली शोधत नाही, त्यामुळे ऑनलाइन-ऑफलाइनचा इथे प्रश्नच येत नाही. फक्त ऑडिओ आणि व्हिडिओ फायलींसाठी आहे.

डब्ल्यूएव्हीसाठी मी त्याच रेकॉर्डरवर, त्याच सेटिंगमध्ये एक मिनिटाची नवी फाइल केली आणि ती नमुना म्हणून दिली. आईची पहिली फाइल दुरुस्त करून लावली, आणि ती बोलायला लागली. मी हेडफोन लावून बसले होते. मुलगा दारात उभा होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्याला कळलं.

किती गेलं, याचा हिशोब मी नंतर मांडला. माझ्या डब्ल्यूएव्ही फायली मोनो आणि सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण ८८ केबी. १५० केबी म्हणजे पावणेदोन सेकंद. तेवढ्यात मी रेकॉर्डरचं बटण दाबून हात मागे घेते, एवढंच होतं. एमपी३ मात्र दाबून लहान केलेली असते, सेकंदाला १६ केबी. तिथे तेच १५० केबी म्हणजे साडेनऊ सेकंद. आणि त्या साडेनऊ सेकंदांत दर वेळी एकच गोष्ट असायची. आई घसा साफ करायची आणि विचारायची, "सुरू झालं का?" मी म्हणायचे, "हो, बोल." २६ फायलींतला तो प्रश्न गेला. बाकी सगळं, तिचं बालपण, तिची शाळा, आजोबांशी झालेलं तिचं भांडण, शब्दन्‌शब्द सापडलं.

कामाच्या मुलाखतीही याच पद्धतीनं जवळजवळ सगळ्या परत आल्या. मसुदे आले नाहीत. वर्डची साधी फाइल बहुतेकदा १५० केबीच्या आतच असते, म्हणजे ती तोंडापासून शेपटापर्यंत कुलूपबंद. विंडोज स्वतःहून ज्या जुन्या प्रती ठेवतं त्याही व्हायरसनं आधीच पुसलेल्या होत्या. इथे मला कुठल्या साधनानं नाही, सवयीनं वाचवलं: पूर्ण झालेला मसुदा मी ईमेलनं पाठवते. पाठवलेल्या पत्रांत एकेक करून मागे जात मी दोनशेच्या वर मसुदे परत मिळवले. अर्धवट राहिलेले गेले. ते मी ऑडिओवरून पुन्हा उतरवतेय. झिप फायलींतही आशा असते. मोठ्या झिपमध्ये सुरुवातीच्या एकदोन फायली जातात, पण सेव्हन-झिपनं उघडून पाहिलं तर आतल्या बाकीच्या अनेकदा धड निघतात. माझ्या दोन झिपमधून बरंच काही निघालं. फोटोंच्या बाबतीत मला फारसं काही जमलं नाही. फोटो ओळखण्यासाठी लागणारी सगळी माहिती त्याच्या तोंडाशीच असते. घरचे बरेचसे फोटो भावाच्या फोनवर होते, ते त्यानं पाठवले.

डिक्रिप्टरबद्दल एक सूचना. नवी किल्ली मिळाली की तो तुम्हाला कळवत नाही. ऑफलाइन आयडी असेल तर अधूनमधून स्वतःच चालवून बघावं लागतं. ऑफलाइन किल्ल्या एम्सिसॉफ्टकडे येतात त्या बहुतेकदा पैसे भरून बसलेल्या कुणाकडून. त्या माणसाला किल्ली मिळते आणि तो ती इतरांसाठी देऊन टाकतो. ज्यानं कुणी माझ्या उपप्रकाराची दिली, त्याचं नाव मला कधीच कळणार नाही. त्याचे आभार मानायची माझी फार इच्छा आहे.

म्हणूनच कुलूप लागलेल्या फायली कुणी पुसू नयेत असं मला कळकळीनं सांगायचंय. टेस्लाक्रिप्टच्या कर्त्यांनी मे २०१६ मध्ये आपली मुख्य किल्ली स्वतःच जाहीर केली होती. शेडच्या टोळीनं एप्रिल २०२० मध्ये साडेसात लाख किल्ल्या उघड केल्या. ज्यांनी त्याआधी वैतागून डिस्क फॉरमॅट केली, त्यांना त्या किल्ल्यांचा काही उपयोग नव्हता. मी माझे ऑनलाइन किल्लीचे मसुदे आणि फोटो एका डिस्कवर ठेवले आहेत, वर तारखेची चिठ्ठी लावून, आणि त्याच फोल्डरात खंडणीची चिठ्ठी आणि पर्सनलआयडी फाइलही. किल्ली कधी आलीच तर या दोन्ही लागतील.

आता बॅकअपच्या दोन डिस्क आहेत आणि दोन्ही एका वेळी कधीच जोडत नाही. विंडोजमधला कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू केलाय. तो पहिल्यापासून तिथेच होता, फक्त बंद होता. नव्या प्रोग्रॅमला फाइल जतन करताना तो अडवतो, मग परवानगी द्यावी लागते. त्याची सवय झाली. मुलगा आता एक मोफत, मुक्त स्रोत व्हिडिओ एडिटर वापरतो आणि त्यावर त्याचं चांगलं चाललंय.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅकअपच्या डिस्कवर डिक्रिप्टर चालवत होते. चार वेळा तेच उत्तर आलं. पाचव्या वेळी नोंदींच्या खिडकीत ओळी भराभर सरकायला लागल्या. त्या डिस्कवर आईच्या पहिल्या १४ एमपी३ फायलींच्या जुन्या प्रती होत्या. पुढच्या १२ ची प्रत मी कधी काढलीच नव्हती. ४१ पैकी १५ डब्ल्यूएव्ही पावणेदोन सेकंदांनी तोकड्या, १२ एमपी३ साडेनऊ सेकंदांनी तोकड्या, आणि १४ पूर्ण. त्यातली पहिली लावली. थोडी खरखर, मग घसा साफ केल्याचा आवाज, आणि आई: "सुरू झालं का?"